पोस्टमास्तरचे तीन तोतये

मुलाखत दुपारी चारला होती आणि घरातलं इंटरनेट सकाळपासून आचके देत होतं. असं कुठल्याही घरात होतं. माणसं कंपनीला शिव्या घालतात, चहा पितात आणि विसरून जातात. पण वहिनींची मुलाखत होती तीच मुळी एका मोठ्या इस्पितळाचं नेटवर्क सांभाळायच्या नोकरीसाठी. स्वयंपाकीण म्हणून काम मागायला जावं आणि अंगाला करपलेल्या दुधाचा वास यावा, तशातली गत झाली होती.

वहिनी म्हणजे या घरातली थोरली सून. त्यांना वहिनी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या धाकट्या दिराचा, पण त्याचं ऐकून ऐकून दूधवाल्यापासून शेजारच्या डॉक्टरांपर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. लग्नाआधीपासून त्या मोठ्या कंपनीत नेटवर्कचं काम करत होत्या. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. ते हाड कधीच जुळून आलं, सासूबाई दिवसातून दहादा जिना चढू-उतरू लागल्या, पण वहिनींची नोकरी काही परत जुळली नाही. जिथे जावं तिथे एकच प्रश्न. "इतकी वर्षं घरी काय केलंत?" शेवटी वैतागून या खेपेच्या अर्जात त्यांनी लिहून टाकलं की, घरी बसून दोन मजल्यांचं नेटवर्क एकटीने उभं केलंय, विश्वास नसेल तर दाखवते.

इस्पितळाचं उत्तर आलं, "दाखवा."

त्यामुळे मोबाइलच्या इंटरनेटवरून मुलाखत उरकून घेण्याची सोय नव्हती. दाखवायचं होतं ते घरचंच नेटवर्क, आणि नेमकं तेच आज रुसलं होतं.

त्या सगळ्या कारभाराचा मुख्य बसला होता जिन्याखालच्या कपाटात. एक जुना, पिवळा पडलेला संगणक. वहिनींनी त्याच्यावर लिनक्स घातलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं पोस्टमास्तर. कामच तसं होतं त्याचं. आपण एखाद्या साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला नावाशी काही देणंघेणं नसतं, त्याला आकडे लागतात. कुठल्या नावाचा आकडा कोणता, हे पोस्टमास्तर सांगायचा. घरातल्या प्रत्येक यंत्राला त्याचा पत्ताही पोस्टमास्तरच वाटून द्यायचा आणि बाहेर जायची वाटही त्याच्याच दारातून जायची. घरातल्या पत्त्यांमध्ये पहिला नंबर अर्थातच त्याचा. प्रत्येक खोलीतून भिंतीच्या आतून एक तार येऊन त्याच्या शेजारच्या फळीवर लागलेली होती आणि प्रत्येक तारेवर वहिनींच्या बारीक अक्षरात खोलीचं नाव चिकटवलेलं होतं. तो कधी आजारी पडला नव्हता. या घरात तसं सांगता येण्यासारखा तो एकटाच.

सकाळी पहिल्यांदा बिघडली ती नावं. वहिनींनी इस्पितळाची साइट उघडायला घेतली, तर लॅपटॉप म्हणाला, या नावाचं कुणी माहीत नाही. पुन्हा विचारलं, तर उघडली. तिसऱ्यांदा विचारलं, तर पुन्हा माहीत नाही. वहिनींनी कपाटाचं दार उघडून, जमिनीवर मांडी घालून, पोस्टमास्तरलाच थेट विचारलं. त्याने प्रत्येक नावाचा आकडा पटापट सांगितला. स्वारी टक्क जागी, बुद्धी शाबूत, मग लॅपटॉपवरून विचारलं की हा वेड्यासारखं का करतो?

"बंद करून चालू कर," यजमान मागून म्हणाले. यजमान, म्हणजे घरातला थोरला मुलगा, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत आणि जगातल्या सगळ्या बिघाडांवर त्यांच्याकडे हा एकच उपाय होता.

"केलं."

"मग पुन्हा कर."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून धाकट्या दिराचा आवाज आला. "वहिनी! खालच्या माणसाला सांगा, सकाळी सकाळी मोठे व्हिडिओ बघू नका. आज तुमची मुलाखत आहे!"

"वरच्या माणसाला सांग," यजमान जिन्याकडे न बघता, पण जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मी व्हिडिओ बघत नाही. आणि पाण्याची टाकी बघायला सांग त्याला."

हे टाकीचं प्रकरण सांगून टाकलं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीचा कॉक कोणीतरी उघडा ठेवला होता. पाणी झिरपत झिरपत थोरल्याच्या खोलीत आलं आणि त्याची नवीकोरी सूटकेस भिजली. थोरला म्हणाला धाकट्याने ठेवला, धाकटा म्हणाला थोरल्यानेच. त्या दिवसापासून दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. एक लोकांना नीट बघायला शिकवतो, दुसरा गाडी शिकवताना दिवसभर 'आरशात बघा, आरशात बघा' म्हणून ओरडतो, आणि घरी मात्र दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. जेवायला एकाच टेबलावर बसायचे. मीठ हवं असलं तरी निरोप जायचा तो वहिनींमार्फत, नाहीतर सासूबाईंमार्फत. सासूबाईंना त्याचं काही वाटत नसे. ज्याने जेवढं सांगायला सांगितलं तेवढंच त्या सांगत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

वहिनींनी नावांचा नाद सोडला आणि थेट आकड्याने हाक मारून बघितली. लॅपटॉपवरून पहिल्या नंबरला पिंग, म्हणजे 'आहेस का?' एवढाच सवाल, पाठवला. उत्तर, उत्तर, उत्तर, मग शुकशुकाट, मग पुन्हा उत्तर. म्हणजे दोष नावांचा नव्हता, वाटेचा होता. वाटांचा तक्ता काढून बघितला. बाहेर जायचं तर पहिल्या नंबरकडून जा, असं स्वच्छ लिहिलेलं. तेही बरोबर. वाट बरोबर, दार बरोबर, आणि तरी पाहुणा मध्येच गायब होतोय. घड्याळाकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्यांनी दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघितलं.

मग त्यांना सुचलं ते जरा आधीच सुचायला हवं होतं. प्रत्येक यंत्राच्या अंगावर कारखान्यातूनच एक खूण कोरून येते. पत्ता हवा तेव्हा बदलता येतो, पण खुणेच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. त्यांनी लॅपटॉपला विचारलं, पहिल्या नंबरवर बसलेल्याची खूण काय? जी खूण आली ती पोस्टमास्तरची नव्हती. थोड्या वेळाने विचारलं, तर पोस्टमास्तरची आली. आणखी थोड्या वेळाने पुन्हा ती परकी.

"तोतया!" वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

"कोण?" यजमान दचकले.

"घरात दुसरं कुणीतरी मीच पोस्टमास्तर म्हणून बसलंय. एकाच पत्त्यावर दोघं. ज्याने आधी ओ दिली त्याच्याकडे लॅपटॉप धावतो. खरा असेल तर बाहेर पोचतो, खोटा असेल तर भिंतीवर डोकं आपटतो. अहो, तुम्ही काही नवीन लावलंय का?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?" यजमान म्हणाले आणि लगबगीने चष्मा पुसू लागले. डोळ्यावरचा चष्मा काढून पुसणारा माणूस खोटं बोलत असतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात वहिनींना ठाऊक झालं होतं. पण आज सवड कुणाला होती?

त्या लॅपटॉप घेऊन जिन्याखालच्या कपाटात शिरल्या आणि एकेक तार उपसून बघू लागल्या. स्वतःच्याच झोपायच्या खोलीची तार काढली आणि खूण बदलून पोस्टमास्तरची झाली. खोलीत जाऊन त्यांनी तिथलं कपड्यांचं कपाट पुढे ओढलं. मागे त्या ऐतिहासिक सूटकेसच्या आडोशाला एक लाल डबा बसला होता. दोन शिंगं वर, हिरवा दिवा लुकलुकतोय. असले डबे कारखान्यातूनच 'पहिला नंबर माझा' म्हणत येतात.

"हे काय?"

यजमानांनी मान खाली घातली. "राउटर आहे. तुझ्या मुलाखतीसाठीच आणला गं. दुकानदार म्हणाला, नुसता भिंतीत लावा, वेग दुप्पट."

"मग विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"चार वाजता सांगणार होतो. म्हटलं, तू खूश होशील." मग हळूच, "शिवाय वरच्याला कळलं असतं तर त्याने सगळा वेग ओढला असता."

वहिनींना एकाच वेळी डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही नंतर, असं ठरवून त्यांनी डबा काढून त्यांच्या हातात दिला.

परत येऊन पिंग पाठवला. उत्तर, उत्तर, शुकशुकाट.

वहिनींनी कपाळाला हात लावला. खूण बघितली, तर पुन्हा तीच परकी! पण डबा तर काढला. मग त्यांनी ती खूण शेवटपर्यंत वाचली आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. पहिला अर्धा भाग तोच होता, कारण कारखाना तोच. शेपूट वेगळं होतं. म्हणजे सकाळपासून तोतये दोन होते आणि त्यांनी घाईघाईत अर्धी अर्धी खूण वाचून एकच धरला होता. कंपनीत असताना नव्या पोरांना त्या याच चुकीबद्दल फैलावर घ्यायच्या.

आता शोधायची गरजच नव्हती. त्या तडक जिना चढून वर गेल्या.

"भाऊजी, लाल डबा कुठाय?"

धाकट्याने जरा वेळ कुठला डबा, कसला डबा करून बघितलं. मग मुकाट्याने हेल्मेट उचललं. त्याखाली तो होता. दोन शिंगं, हिरवा दिवा.

"वहिनी, शपथेवर सांगतो, तुमच्यासाठीच. म्हटलं, खालच्या माणसाचे व्हिडिओ चालू असले तरी तुमचं काम अडायला नको. वेग दुप्पट—"

"—असं दुकानदार म्हणाला. कळलं. काढा तो."

डबा हातात घेऊन धाकटा वहिनींच्या मागोमाग खाली उतरला. खाली जिन्याच्या पायथ्याशी थोरला उभा, त्याच्या हातात तस्साच डबा. दोघांनी एकमेकांच्या डब्यांकडे बघितलं. मग दोघांनी वहिनींकडे बघितलं.

"त्याला विचार, कुठून आणला," थोरला म्हणाला.

"त्यांना सांगा, जिथून त्यांनी आणला तिथूनच," धाकटा म्हणाला.

"कोणी कुणाला काही सांगणार नाही!" वहिनींचा बांध फुटला. "सकाळपासून माझ्या तोंडचं पाणी पळालंय, आणि इथे मी अजून निरोपच पोचवू? तुमच्यातल्या एकाने जरी दुसऱ्याला 'मी डबा आणतोय' एवढं सांगितलं असतं ना, तर तुम्ही तिथेच भांडत बसला असता आणि एकही डबा घरात आला नसता! बाहेरच्या खोलीत बसा दोघं. एकाही वस्तूला हात लावायचा नाही."

दोघं जाऊन बसले, सोफ्याच्या दोन टोकांना, मांडीवर डबे घेऊन.

त्यानंतर मात्र सगळं झकास झालं. पिंग पाठवावा तर उत्तरावर उत्तर. नावं विचारावीत तर पोस्टमास्तर तोंडातून शब्द निघायच्या आत आकडा सांगतोय. वहिनींनी तोंड धुतलं, ठेवणीतली साडी नेसली, केस नीट केले आणि लॅपटॉपसमोर बसल्या. सासूबाई दारातून डोकावल्या.

"सूनबाई, अजिबात काळजी करू नकोस. मी आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिचकावले आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. वहिनींना बरं वाटलं. डोळे कशासाठी मिचकावले, हा विचार काही त्यांच्या मनात आला नाही.

चार वाजता पडद्यावर इस्पितळाची दोन माणसं आली. एक प्रमुख बाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या, आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला. "इतकी वर्षं घरी काय केलंत?"

"दाखवते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी आपला पडदा त्यांच्यासमोर उघडला. पोस्टमास्तर दाखवला, नावांची यादी दाखवली, वाटांचा तक्ता दाखवला. आवाजातला कंप हळूहळू गेला. कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांच्या कामाबद्दल कामाचे प्रश्न विचारत होतं, आणि वहिनींना इतका आनंद झाला होता की त्यांना तो लपवता येत नव्हता. टक्कलवाले गृहस्थ पुढे सरकून बघू लागले. बाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

आणि ते तसंच उघडं राहिलं. चित्र थिजलं होतं. आवाज बंद.

वहिनींची बोटं आपसूक चालली. पहिल्या नंबरची खूण? पहिला अर्धा भाग तोच. शेपूट तिसरंच! आता चिडायला वेळ नव्हता. त्यांनी लॅपटॉपला हुकूम सोडला की पहिला नंबर म्हणजे फक्त खऱ्या पोस्टमास्तरची खूण, दुसरं कुणी कितीही ओरडलं तरी त्याचं ऐकायचं नाही. क्षणभर काही झालं नाही. मग बाईंचं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"...ऐकू येतंय का? काय झालं?"

लाइन गेली होती, असं सांगून निभावता आलं असतं. कुणीही सांगतं. पण वहिनींना तो खोटेपणा जमला नाही, आणि खरं सांगायचं तर रागही अनावर झाला होता.

"माझ्या घरात या क्षणी एक तोतया बसलाय," त्या म्हणाल्या. "हा बघा. पत्ता पोस्टमास्तरचा, खूण परकी. माझ्यापुरतं मी त्याला गप्प केलंय. परवानगी द्या, पकडूनच दाखवते."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "पकडा."

"अहो! भाऊजी!" वहिनी बसल्या जागेवरून ओरडल्या. "जिन्याखालच्या कपाटातल्या तारा एकेक काढा, मी इथून बघते! माझ्या टेबलाची सोडून!"

बाहेर धावपळ ऐकू आली. मग आवाज, आणि ते लॅपटॉपलाही नीट ऐकू जात होते.

"ही काढू?"

"अरे दादा, ती नाही! ती वहिनींच्या टेबलाची!"

"मग तिच्यावर काय लिहिलंय ते वाच ना. मला दिसत नाहीये!"

"चष्म्याच्या दुकानात बसतोस आणि—"

"उजेड धर आधी! सरळ धर!"

"धरलाय! तिच्या खालची ओढ. हां. आता ही. हिच्यावर 'आई' लिहिलंय."

तार निघाली आणि पडद्यावरची खूण पुसली गेली. आपण चक्क एकमेकांशी बोललो, हे दोघा भावांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तेवढ्यात सासूबाई खोलीतून बाहेर आल्या आणि थेट वहिनींच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात लाल डबा होता.

"सूनबाई, ह्याच्यातलं काहीतरी विझलं गं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही?"

"थोरल्याने मला सांगून आणला, म्हणाला कुणाला बोलू नकोस. धाकट्यानेही सांगून आणला, म्हणाला कुणाला बोलू नकोस. नाही बोलले. पण दोघांनी तुला काहीतरी दिलं आणि सासूने काहीच दिलं नाही, बरं दिसतं का ते? म्हणून मीही आणला. आणि त्यांच्यासारखा सकाळपासून वापरून शिळा नाही केला. ऐन चारला लावला. ताजा वेग मिळावा म्हणून."

"अहो, पण मी सकाळपासून जीव तोडून शोधतेय, तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं की. तू ह्याला विचारलंस, त्याला विचारलंस. मला कुठे विचारलंस?"

वहिनींनी खरंच विचारलं नव्हतं. आईंना काय कळणार त्यातलं, असं धरूनच चालल्या होत्या, आणि घरातला प्रत्येक डबा कुठे आहे हे फक्त आईंना माहीत होतं. पडद्यावर टक्कलवाले गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते. झालं, संपलं, असं वहिनींच्या मनात आलं. इतकी वर्षं घरी काय केलंत याचं उत्तर आता त्यांच्यासमोर डबा घेऊन उभं होतं.

"एक विचारते," प्रमुख बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "तुमच्या घरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"दोघं भाऊ नाही बोलत," वहिनींनी सांगितलं. "टाकीवरून. त्यामुळे मदत करताना सगळे आपापली वेगवेगळी करतात."

बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे बघितलं. "आमच्याकडे एक्स-रेवाले रक्त तपासणीवाल्यांशी बोलत नाहीत. रक्त तपासणीवाले औषधं देणाऱ्यांशी बोलत नाहीत. का ते आता कुणालाच आठवत नाही. गेल्याच आठवड्यात तीन विभागांत असेच तीन डबे निघाले."

"चौथा अजून सापडलेला नाही," गृहस्थ रुमाल खिशात ठेवत म्हणाले.

"कधीपासून येऊ शकाल?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी काय उत्तर दिलं ते त्यांना नंतर आठवेना. लॅपटॉप मिटला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्या तशाच बाहेर आल्या, सांगायला. पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. जिन्याखाली दोघे भाऊ समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, तारस्वरात भांडत होते. कॉक तूच उघडा ठेवलास, मी कशाला ठेवू, तूच त्या दिवशी गच्चीवर गेला होतास, मी गेलो होतो ते तुझेच कपडे काढायला. मध्ये कुणी नव्हतं आणि वहिनींना कुणी काही सांगायला सांगत नव्हतं. वहिनी थोडा वेळ ते ऐकत उभ्या राहिल्या. त्यांना ते भांडण फार गोड लागलं.

सासूबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. डबा अजून काखेत होता.

"मिळाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिळाली, आई."

"बघ," सासूबाई डब्यावर हात फिरवत म्हणाल्या, "त्या दोघांचे काढून टाकलेस. लागू पडला तो माझाच."